स्क्रीन रीडर शिकताय? आधी त्याला गप्प करायला शिका

नुकताच स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरायला घेतला असेल, तर त्या अखंड बडबडीनं डोकं भणभणणारच. म्हणून पहिली कळ शिकायची ती कंट्रोल. ती दाबली की बोलणं तिथल्या तिथे थांबतं. आवाज आपल्या ताब्यात आहे हे कळलं की निम्मी भीती जाते.

सुरुवात एनव्हीडीए या स्क्रीन रीडरपासून करा. तो विंडोजवर चालतो आणि मोफत आहे. महागडं सॉफ्टवेअर घ्यायची घाई नको. इन्सर्ट धरून वरच्या ओळीतला १ दाबा. आता कुठलीही कळ दाबा, काही बिघडत नाही, ती काय करते एवढंच तो सांगतो. पुन्हा तेच दाबलं की सगळं पूर्ववत. पहिले काही दिवस खुशाल यातच घालवा.

वेबपान वरपासून खालपर्यंत ऐकत बसू नका. डोळस माणूसही तसं वाचत नाही, मथळ्यांवरून नजर फिरवतो. तेच काम एच ही कळ करते. लिंकसाठी के. फॉर्ममध्ये लिहिताना अक्षरं उमटण्याऐवजी भलतीकडेच उडी बसली, तर इन्सर्ट आणि स्पेस दाबून पान चाळण्याच्या मोडमधून लिहिण्याच्या मोडमध्ये या. नवख्यांची सर्वाधिक चिडचिड इथेच होते.

वेग हळूहळू वाढवा. जुन्याजाणत्यांचा वेग ऐकून खचू नका, कान सरावतात. आणि एखाद्या ठिकाणी नुसतं ‘बटण’ एवढंच ऐकू आलं, तर तो तुमचा दोष नाही. वेबसाइट बनवणाऱ्यानं त्या बटणाला नावच दिलेलं नसतं. त्यांना जरूर कळवा.