ऑपरेशननंतर टाके भरेपर्यंत भात, डाळ, लिंबू बंद ठेवावं का? जखम किती दिवसांत भरते?

अजिबात बंद करू नका. तुमच्या आईच्या पोटाच्या ऑपरेशनला बारा दिवस झालेत आणि घरातले वरणभातही देऊ देत नाहीत, हे वाचून माझी जुनी तिडीक उठली.

सासूबाईंचं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्यांना रोज वरणभात, त्यावर लिंबू आणि एक उकडलेलं अंडं द्यायचे. नवव्या दिवशी गॉज उचललं तर टाक्यांच्या खालच्या टोकाला पू. वन्संनी तिथेच जाहीर केलं, "वहिनीच्या लिंबानं पू धरला." भेटायला येईल त्याला तेच सांगणं. मलाही खरं वाटायला लागलं होतं. मग एकदा सिस्टरनी चादर बदलायला उशी उचलली, तर खाली मशेरीची डबी! रोज सकाळी दात घासायच्या नावाखाली लावणं चालू होतं. आणि डबी भरून आणत कोण होतं? वन्संच. त्याच दिवशी साखर तपासली, उपाशीपोटी २४०. ऑपरेशननंतर कुणी पाहिलीच नव्हती.

तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. साखर वाढली की पांढऱ्या पेशी जंतूंपुढे ढिल्या पडतात. यात लिंबाचा काय संबंध? जखम सांधणारं कोलॅजन बनायला उलट क जीवनसत्त्व आणि प्रथिनं लागतात. डाळ-अंडी बंद केल्यावर नवं मांस भरायचं कशानं?

दिवसांचं म्हणाल तर वरची कातडी दहा-बारा दिवसांत जुळते, आतली ताकद मात्र तीन आठवड्यांनीही जेमतेम २० टक्के असते. तीन महिन्यांनी ८० च्या आसपास जाते, पूर्वीइतकी कधीच होत नाही. तेव्हा टाके निघाले म्हणून लगेच कळशी उचलू देऊ नका. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायला सांगा.

आमच्याकडे जखम भरायला दोन महिने गेले. वन्सं अजूनही पंगतीत लिंबाची फोड आली की माझ्याकडे बघतात.

हो, आईंना किडनीचा त्रास असेल तर डाळ-अंडी किती द्यायची ते डॉक्टरांना विचारा. आणि ताप, घाण वास किंवा टाक्यातून अचानक लालसर पाणी आलं तर इथे उत्तरं वाचत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.