वणव्याचा डोंगर मोजताना

प्रश्न : आळत्याच्या बाजूच्या डोंगराला एक-दोन वर्षांआड वणवा लागतो. त्याने झुडपांचं काय होतं, यावर कॉलेजचा प्रकल्प करायचा आहे. जळालेल्या आणि न जळालेल्या भागात चौकोन आखले की पुरे का? – एक विद्यार्थिनी, हातकणंगले

उत्तर : पुरे नाही. कुठला तुकडा कितीदा जळाला, हे आधी हवं. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं २०१७ पासून साधारण दर पाच दिवसांची, तीही फुकट मिळतात. वणव्याच्या आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवूनच डाग आखा. एकट्या चित्रात काळा कातळ आणि डोंगराची सावलीही जळाल्यासारखी दिसते. मग गुराख्यांना विचारून खात्री करा.

न जळालेले, एकदा जळालेले, तीनदा जळालेले असे गट करा आणि प्रत्येक गटात निदान तीन वेगवेगळ्या जागा घ्या. एकाच वणव्यात आखलेले दहा चौकोन म्हणजे नमुना एकच! उतार आणि मातीची खोली सारखी हवी. चराई, लाकूडतोड लिहून ठेवा.

झुडपांसाठी ५ × ५ मीटर, आत गवतासाठी १ × १. कोपऱ्यांना लोखंडी सळया ठोका. लाकडी खुंट्या पुढच्या वणव्यात जातात, झुडपांना लावलेले प्लास्टिकचे नंबराचे बिल्ले वितळतात. बिल्ले स्टीलचे, तारेनं बांधलेले.

खरी गफलत मोजणीत होते. मे महिन्यात काळी काटकी दिसली की वहीत 'मेलं' लिहिलं जातं. करवंद, धायटी, मुरुडशेंग वरून जळाली तरी पाऊस पडताच बुडातून फुटतात. म्हणून मेमध्ये फक्त बूड नोंदवा, जगलं की मेलं ते सप्टेंबरात ठरवा. एका बुडाला आठ धुमारे आले तरी झुडूप एकच. बुडं आणि धुमारे यांचे रकाने वेगळे ठेवा, नाहीतर वणव्यानं झुडपं वाढली असं उत्तर येईल. फुलं-फळांचाही रकाना हवाच, कारण फळ धरायच्या आत पुन्हा आग आली तर नवं बी पडत नाही.

अमेरिकेतल्या सेजब्रश नावाच्या झुडपावर वणव्याचा काय परिणाम होतो, याचे निष्कर्ष वाचनात आले तर ते मात्र इथं चिकटवू नका. तिथलं 'बिग सेजब्रश' जातीचं झुडूप जळाल्यावर बुडातून फुटत नाही, आणि चीटग्रास नावाचं परकं गवत लवकर वाळून पुढच्या आगीला सरपण पुरवतं.

प्रश्न : स्वतःच छोटा तुकडा जाळून पाहिला तर?

उत्तर : अजिबात नको. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. त्यापेक्षा परवानगी काढून, पावसाआधी प्रत्येक चौकोनातली वरची ५ सेंमी माती आणा, ट्रेमध्ये पातळ पसरा, ओली ठेवा आणि उगवलेली रोपं मोजत जा, म्हणजे मातीत जिवंत बी किती उरलंय ते कळेल. एक ट्रे निर्जंतुक वाळूचा ठेवा. त्यात उगवलेलं सगळं वाऱ्यानं आलेलं.