टर्म्स पाठ करू नकोस, उदाहरण पकड

अरे, इंग्रजी साहित्यातल्या अलंकारांच्या नुसत्या व्याख्या घोकल्यास तर पेपरात सगळं एकमेकांत मिसळणार, म्हणून प्रत्येक टर्मला एक पक्कं उदाहरण जोडून ठेव. जास्त मुलं अडकतात ती मेटॉनिमी आणि सिनेक्डकीत. राजाला 'द क्राउन' म्हटलं तर मुकुट काही राजाचा अवयव नाही, नुसता संबंध आहे, ती मेटॉनिमी, आणि खलाशांना 'हँड्स' म्हटलं तर हात त्यांच्याच शरीराचा भाग, म्हणून ती सिनेक्डकी. ऑक्सिमोरॉन, म्हणजे दोन विरोधी शब्द एकत्र, तर मला फार आवडतो, ग्रीकमध्ये 'ऑक्सिस' म्हणजे धारदार आणि 'मोरोस' म्हणजे मठ्ठ, शब्द स्वतःच स्वतःचं उदाहरण आहे! अलिटरेशनला, म्हणजे शब्दांच्या सुरुवातीला तोच आवाज पुन्हा येतो तिथे, मात्र स्पेलिंग बघू नकोस, आवाज ऐक, 'नाइफ' आणि 'किंग' दोन्ही के वरूनच, पण आवाज जुळत नाही.