वडील अबोल झाले आहेत. हे वयामुळे असावे का?

आपण लिहिता की ७४ वर्षांचे वडील काही महिन्यांपासून फारसे बोलत नाहीत, जेवण कमी झाले आहे, पहाटेच जाग येते, आणि घरातील सर्वांना हे वयोमानाने होणारच असे वाटते. ज्येष्ठांच्या समुपदेशनाच्या कामातून माझे मत याच्या अगदी उलट झाले आहे. नैराश्य हा वार्धक्याचा अटळ भाग नाही आणि त्यावर उपचार होतात.

उतारवयात ते पुष्कळदा उदासी म्हणून समोर येतच नाही. अंगदुखी, अपचन, चिडचिड, विसराळूपणा अशा रूपांत येते आणि म्हणूनच नजरेतून निसटते. थायरॉईडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा चालू असलेली काही औषधे यांमुळेही असेच चित्र दिसू शकते, त्यामुळे आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. नैराश्यावरील औषध सुरू झाले, तर गुण यायला ४ ते ६ आठवडे, कधी अधिकही लागतात. तोवर धीर धरावा. झोपेच्या गोळ्या मात्र परस्पर देऊ नयेत, कारण त्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

कानांची तपासणीही अवश्य करावी. ऐकू कमी येणारा माणूस दोन-तीनदा ‘काय म्हणालास?’ असे विचारतो, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा वैताग पाहतो आणि मग विचारणेच सोडून देतो. घरच्यांना तो अबोलपणा वाटतो. वडिलांच्या समोर, उजेडात बसून, आवाज न चढवता सावकाश बोलावे.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की आपण प्रेमापोटी वडीलधाऱ्यांच्या हातून एकेक काम काढून घेतो. बँकेचे व्यवहार मुलगा पाहतो, औषधांचा डबा सून भरते, डॉक्टरही प्रश्न मुलालाच विचारतात, आणि ज्याने आयुष्यभर घर चालवले त्याला कोणी काही विचारत नाही. त्यांना झेपेल असे एखादे खरोखरीचे काम त्यांच्याकडे परत सोपवावे, त्याला वेळ लागला तरी मध्ये पडू नये, आणि घरातील निर्णयांत त्यांचे मत आधी घ्यावे.

‘आता जगून काय करायचे’ असे ते बोलले, तर विषय टाळू नये. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी असेल, तर त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.