श्रावण जवळ येतोय म्हणून

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून बाबांची दारू बंद, बाटल्या मोरीत ओतणार, असं तू लिहिलंस. रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले. बाटल्या ओतायच्या आधी बाबांना डॉक्टरकडे ने.

आपल्या गोव्यात, डिचोली-सत्तरीत श्रावण पाळणारे पुष्कळ. महिनाभर मासळी नाही, फेणी नाही, आणि गणपतीची चवथ झाली की पुन्हा सुरू. कधीमधी घेणाऱ्याला याचा त्रास होत नाही. पण तुझे बाबा चहाआधी घोट घेतात, नाहीतर कप हातात धरवत नाही, हे तूच कळवलंस. मी आरोग्य केंद्रात नर्स होते तेव्हा श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात असा एखादा माणूस यायचाच. नारळ पाडणाऱ्या एका पाडेल्याला आकडी आली होती. बायको म्हणाली, सोमवारचा उपास सोसला नाही. उपासाचा काही संबंध नव्हता. दोन दिवस पोटात दारू गेली नव्हती, एवढंच.

दारू मेंदूला मंद करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या मंदपणाला तोंड द्यायला स्वतःला चेतवत राहतो. दारू एकाएकी थांबली की चेतवणं तेवढं उरतं. 6 ते 8 तासांत कापरं आणि घाम. पहिल्या 2 दिवसांत आकडी येऊ शकते. 2 ते 4 दिवसांत काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत. मग कुणीतरी देवचार लागला, भुताने झपाटलं म्हणतं आणि माणसाला घाड्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे नेतं. तिथे गेलेला वेळ जिवावर बेततो गं. बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात गोळ्यांचा डोस रोज थोडा उतरवत हे दिवस निभावतात, बी-1 जीवनसत्त्वही देतात.

आणखी एक. ‘नकळत दारू सोडवा’ म्हणणारी पूड आईला आमटीत घालू देऊ नकोस. अशा पुडीत काय असतं ते घरात कुणाला ठाऊक नसतं. दारू सोडवायला देतात ते डायसल्फिराम असेल आणि बाबा वरून दारू प्यायले, तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. शिवाय फसवलेला माणूस पुढे कुणाचं ऐकत नाही, हे मी घराघरांतून पाहिलं आहे.

तू स्वतः मित्रमैत्रिणींबरोबर हुर्राक, ती काजूची दारू, घेतेस, तेही लपवलं नाहीस. बरं केलंस. 2017 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमधला एक अभ्यास छापून आला. त्यात पिणं वाढलेल्या, पण अजून पूर्ण आहारी न गेलेल्या पुरुषांशी डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं बोलली, फार तर चार वेळा. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या 36 टक्क्यांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं. ज्यांना हे समुपदेशन मिळालं नाही त्यांच्यात 26 टक्के. अशा बोलण्याचा काळ तुझ्यासाठी आत्ता आहे. बाबांसाठी तो बराच मागे गेला.

बाबांना एकदम ‘सोडा’ म्हणू नकोस. ‘सकाळी हात कापतात, ते दाखवून येऊया’ म्हण. दिवसाला किती घेतात, शेवटची कधी घेतली आणि पूर्वी कधी आकडी आली होती का, हे वहीत लिहून आण. वाटेत कापरं वाढलं किंवा बोलणं असंबद्ध झालं तर 108 ला फोन कर, माझी वाट पाहू नकोस. नाहीतर साखळीच्या बसस्टँडवर मला घे, मी बरोबर येते.

तुझी,
मावशी