जांभ्यावरचं दगडफूल कागदावर कसं आणावं?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, कुडाळजवळ राहतो. जलरंगात निसर्गचित्रं करतो. आता अमूर्ताकडे वळावंसं वाटतं. परसातल्या जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, दगडफुलाची सुंदर नक्षी आहे. ती जशीच्या तशी उतरवली, तर साडीवरच्या छापासारखी दिसते. काय करू?

उत्तर : गुरुजी, विषय फार छान निवडलात. तुमच्या चित्राच्या फोटोत दिसतं की तुम्ही दगडफुलाच्या चकत्या पेन्सिलीने आखून मग आत रंग भरलात. दगडफूल तसं होत नाही. ते मधून बाहेर सरकत जातं, नवी वाढ कडेला असते आणि दोन चकत्या भिडल्या की मध्ये बरेचदा काळसर रेघ उरते. हे वाढणं तुमच्या पाण्याला करू द्या.

जाड, खरबरीत कागद ओला करा. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) पॅलेटवर न कालवता कागदावरच एकमेकांत सोडा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि जांभ्याचा खडबडीतपणा आपसूक येतो. ओली चकाकी गेली, पण कागद अजून दमट आहे, एवढ्यात स्वच्छ पाण्याचा थेंब टाका. पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि दातेरी कड उमटते. ब्रशने काढलेल्या कडेत तो जीव नसतो!

दगडफुलाचा करडा-हिरवा मात्र पांढऱ्या पॅलेटवर ठरवू नका. तांबड्याशेजारी तोच रंग कितीतरी गार आणि हिरवा दिसतो. म्हणून तांबड्याला लागूनच पारखा.

मला इथे चित्रकार सय्यद हैदर रझा आठवतात. त्यांचं बालपण मध्य प्रदेशात मंडल्याकडच्या जंगलात गेलं, वडील वनखात्यात होते. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकून १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले आणि पुढे तिथे बसून त्यांनी ते जंगल रंगवलं. त्यात पान शोधू नये; दाट काळ्यातून लाल, केशरी उसळून येतात आणि रात्रीचं रान अंगावर येतं. समोर झाड नव्हतं, म्हणूनच ते इतकं थेट आलं असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा पुढचे काही कागद गडग्याकडे पाठ करूनच रंगवा, फोटोही समोर नको. आणि पावसाळ्यात दुसऱ्या थराची घाई नको. तळहाताची मागची बाजू कागदाला लावून बघा; गार लागला, तर तो अजून ओला आहे.