मेल पाठवणारा सर्व्हर खरा की स्पॅमवाला, हे मजकूर न वाचता ओळखता येतं का?

तुमचा भोसरीत कारखाना आहे, मेल सर्व्हर स्वतःचा, पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरवर. स्पॅम वाढलाय आणि कुणीतरी ग्रेलिस्टिंग (अनोळखी मेलला आधी 'नंतर या' म्हणणं) लावायला सांगितलंय. मी पुण्यात अशाच छोट्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो, म्हणून लिहितो.

ओळखता येतं, पण अर्धंच. समोरचं मशीन मेल सर्व्हरसारखं वागतंय का, एवढंच चाचणीतून कळतं. त्यामागचा माणूस कसा आहे ते नाही.

माझी सगळ्यात आवडती चाचणी फुकटची आहे. एसएमटीपीत (सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या भाषेत) जोडणी झाली की आधी बोलायचं ते घेणाऱ्या सर्व्हरने. '२२०'ची ओळ येईपर्यंत पाठवणाऱ्याने गप्प राहायचं. व्हायरस शिरलेल्या पीसींवरून सुटणारे स्पॅमचे प्रोग्रॅम बऱ्याचदा तेवढा दम धरत नाहीत. पोस्टफिक्सबरोबर येणारा पोस्टस्क्रीन नेमकं हेच हेरतो. तो आधी '२२०-' अशी ओळ पाठवतो (त्या डॅशचा अर्थ, माझं बोलणं संपलेलं नाही) आणि ६ सेकंद थांबतो. खरा सर्व्हर थांबतो. मध्येच तोंड उघडलं की सापडला. मात्र मूळ सेटिंगमध्ये पोस्टस्क्रीन अशांची फक्त लॉगमध्ये नोंद करतो, अडवत नाही. आठवडाभर लॉग वाचा, मग 'एन्फोर्स' करा, म्हणजे अडवायला सांगा. त्याच्या पुढच्या 'डीप' चाचण्या ('२२०' नंतरचं बोलणं तपासणाऱ्या) बंदच राहू द्या. त्यात पास झालेल्यालाही पुन्हा जोडणी करायला लावतात, म्हणजे मागच्या दाराने ग्रेलिस्टिंगच.

बाहेरून येऊन हेलोमध्ये (पाठवणारा सर्व्हर स्वतःची ओळख सांगतो त्या ओळीत) तुमच्याच सर्व्हरचं नाव सांगणाऱ्याला बेधडक हाकला.

आता ग्रेलिस्टिंग. २००३ साली इव्हान हॅरिसने ते मांडलं तेव्हा कल्पना झकास होती: आयपी (मशीनचा नेटवरचा पत्ता), पाठवणारा आणि घेणारा हे त्रिकूट नवं दिसलं की 'नंतर या' म्हणायचं, स्पॅमवाला परत येत नाही. पोस्टफिक्सवर ग्रेलिस्टिंग करणारा पोस्टग्रे त्यासाठी ५ मिनिटं धरतो, पण एसएमटीपीचे नियम सांगणारा दस्तऐवज आरएफसी ५३२१ पाठवणाऱ्याला निदान ३० मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करायला सांगतो. शिवाय मोठ्या मेल कंपन्या दुसऱ्या वेळी वेगळ्याच आयपीवरून येतात, की त्रिकूट परत नवं! जीएसटी पोर्टलचा ओटीपी अर्ध्या तासाने आला तर अकाउंट्समधल्या मॅडम तुम्हाला शोधत येतील. सरसकट लावू नका. संशयितांपुरतंच ठेवा, उदाहरणार्थ ज्यांच्या आयपीला पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) नाही ते.

पण पीटीआर नाही म्हणून मेल थेट नाकारूही नका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल ती मागतं, त्यामुळे बहुतेकांनी लावून घेतली आहे. तरी चाकणचा एखादा जॉबवर्कवाला ऑफिसच्या ब्रॉडबँडवरूनच सर्व्हर चालवत असतो, आणि त्याचं कोटेशन तुम्हाला हवं असतं. स्पॅम फिल्टरच्या हिशेबात गुण कापा, दार लावू नका.

स्पॅमहाउसची यादी (ज्यांच्याकडून थेट मेल घेऊ नये अशा आयपींची) लावणार असाल तर आपला स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा सर्व्हर) हवा, कारण ही यादी डीएनएसमधूनच विचारतात. गूगलच्या ८.८.८.८ मधून विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा एरर कोड येतो. कॉन्फिगरेशनमध्ये कुठलंही उत्तर म्हणजे 'यादीत आहे' असं धरलेलं असेल, तर सगळीच आवक बंद.

पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर उलट जाऊन 'हा पत्ता तुमच्याकडे आहे का' असं विचारायची चाचणी मात्र करूच नका. स्पॅममधले पत्ते चोरलेले असतात. त्रास तिसऱ्यालाच होतो आणि काळ्या यादीत तुम्ही जाता.

हॅक झालेल्या सप्लायरच्या खऱ्या खात्यावरून 'आमचं बँक खातं बदललंय' असा मेल आला, तर तो वरच्या सगळ्या चाचण्या पास होतो, एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनकडून आलाय का, ते पाहणाऱ्या तपासण्या) यांच्यासकट. तिथे जुन्या बिलावरच्या नंबरला फोन, दुसरा इलाज नाही.

आणि हे सगळं फक्त पोर्ट २५ वर, म्हणजे बाहेरचे सर्व्हर मेल आणतात त्या दारावर. तुमच्या लोकांचे लॅपटॉप आणि मोबाइल आधी पासवर्डसह ५८७ वर (आपल्या लोकांनी मेल पाठवायच्या पोर्टवर) हलवा. घरगुती ब्रॉडबँडचे आयपी स्पॅमहाउसच्या यादीत असतातच, त्यामुळे घरून काम करणारे तुमचेच लोक पहिले अडकतील.